जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवा स्टिरिओ: डॅशबोर्ड न कापता नीटनेटकं फिटिंग कसं करायचं?

नवीन गाडीत स्टिरिओ बदलणं हे तासाभराचं काम असतं. गाडीच्या मॉडेलची फ्रेम मिळते, तयार कपलर मिळतो, जुना काढायचा आणि नवा सरकवायचा. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मात्र यातलं काहीच तयार मिळत नाही. डॅशबोर्डमागे जागा कमी असते, वायरिंग वीस-पंचवीस वर्षांचं असतं, आणि डॅशबोर्ड एकदा चुकीचा कापला गेला की तसाच दुसरा शोधून सापडत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. सॅन मोटर्सने १९९८ साली ही छोटी टू-सीटर बाजारात आणली. रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन, छत उघडणारी रचना आणि पत्र्याऐवजी फायबरग्लासची बॉडी. मोजक्याच गाड्या बनल्या आणि नंतर उत्पादन थांबलं. अशी एखादी गाडी तुमच्या घरात, काकांच्या गॅरेजमध्ये किंवा मित्राकडे असेल, तर तिच्यात ब्लूटूथ हवंसं वाटणं साहजिक आहे.

आता समजा ही गाडी रेवदंड्यात असते. अलिबागपासून सतराएक किलोमीटरवर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडी आणता येते, त्यामुळे या किनाऱ्यावर वीकेंडला बाहेर निघणाऱ्या हौशी गाड्याही दिसतात. फायबरची बॉडी, खारी हवा, आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस नुसती उभी असलेली गाडी: स्टिरिओ फिटिंगमधल्या सगळ्या चुका इथे लवकर बाहेर येतात. म्हणून आपण हेच उदाहरण धरून चालू. इथे टिकेल असं काम केलं, तर पुण्यातल्या पद्मिनीतही तेच काम आरामात टिकेल.

संपूर्ण लेखाचा नियम एकच: उद्या सगळं काढून गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. ज्या कामाला कापाकापी लागते ते सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

## पायरी १: आधी गाडी ओळखा

स्टिरिओ विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

व्होल्टेज. आजचे सगळे कार स्टिरिओ १२ व्होल्टवर चालतात. फार जुन्या काही गाड्यांमध्ये ६ व्होल्टची यंत्रणा असते. बॅटरीवर छापलेलं वाचा, किंवा मल्टिमीटर लावा.

बॅटरीचं कोणतं टर्मिनल अर्थिंगला आहे? आपल्या ओळखीच्या बहुतेक गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनल अर्थिंगला असतं. १९५० आणि ६० च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हे उलटं आहे, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थिंगला. अशा गाडीत आजचा स्टिरिओ थेट जोडला तर तो तिथल्या तिथे जळतो.

बॉडी पत्र्याची की फायबरची? चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर फायबर असू शकतं. हे कळणं का गरजेचं आहे ते अर्थिंग आणि अँटेनाच्या भागात येईलच.

## पायरी २: माप घ्या, आणि खोली विसरू नका

कार स्टिरिओचं माप जगभर ठरलेलं आहे. मूळ जर्मन मानक 'डिन'चं, म्हणून सिंगल डिन आणि डबल डिन ही नावं. पुढे तेच आयएसओ ७७३६ हे आंतरराष्ट्रीय मानक झालं.

- सिंगल डिन: रुंदी १८० मिमी, उंची ५० मिमी
- डबल डिन: रुंदी १८० मिमी, उंची १०० मिमी

सिंगल डिनसाठी डॅशबोर्डमधली खाच साधारण १८२ बाय ५३ मिमी लागते, कारण स्टिरिओभोवती पत्र्याची बाही म्हणजे स्लीव्ह बसते.

रुंदी आणि उंची सगळे मोजतात. अडतं ते खोलीवर. सीडी प्लेअर असलेला स्टिरिओ साधारण १६० ते १८० मिमी खोल असतो. त्याच्या मागे कपलर आणि वायरी वळायला अजून ४० ते ५० मिमी धरा. जुन्या छोट्या गाडीत नेमकं तिथेच वायपरची मोटर, हीटरची नळी किंवा स्पीडोमीटरची केबल असते. म्हणून सीडीचा भाग नसलेला, फक्त यूएसबी आणि ब्लूटूथवाला स्टिरिओ घ्या. तो बराच आखूड असतो आणि हलकाही.

सोपी युक्ती: पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा बनवा आणि तो आत सरकवून बघा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, वायपर चालू करा. काही घासतंय का हे पुठ्ठाच सांगेल.

## पायरी ३: तीनपैकी एक मार्ग निवडा

मार्ग अ: स्टिरिओ दिसूच द्यायचा नाही. मूळ रेडिओ जागेवर तसाच, बंद असला तरी चालेल. सीटखाली किंवा ग्लोव्हबॉक्समध्ये छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प्लिफायर. गाणी फोनवरून येतात. डॅशबोर्डला हातही लागत नाही. फायबर आणि प्लास्टिक ब्लूटूथच्या लहरी अडवत नाहीत, त्यामुळे अ‍ॅम्प लपवला तरी सिग्नल नीट मिळतो. पत्र्याच्या बंद डब्यात मात्र लपवू नका.

मार्ग ब: सिंगल डिन. डॅशबोर्डमध्ये मुळातच खाच असेल तर हाच उत्तम. चेहरा साधा, काळा, कमी दिव्यांचा निवडा. पुढची पट्टी काढून खिशात ठेवता येत असेल तर उघड्या छताच्या गाडीत चोरीची धास्तीही कमी होते.

मार्ग क: टचस्क्रीन. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेसाठी मोह होतोच. पण जुन्या डॅशबोर्डमध्ये डबल डिनची खाच सहसा नसते, म्हणजे कापाकापी आली. शिवाय छत उघडं असताना दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही.

गाडी दुर्मीळ असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी अ, मग ब. क चा विचार डॅशबोर्ड आधीच कोणी कापून ठेवलेला असेल तरच.

मार्ग अ मध्ये फोनच रिमोट असतो, म्हणून एक काळजी घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. प्लेलिस्ट निघण्याआधी लावा.

## पायरी ४: वायरींचे रंग समजून घ्या

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओच्या वायरींचे रंग सारखे असतात.

- पिवळी: बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट. घड्याळ, स्टेशनं आणि सेटिंग लक्षात ठेवण्यासाठी. स्टिरिओचा मुख्य करंटही हिच्यातूनच येतो.
- लाल: चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्ट
- काळी: अर्थिंग
- केशरी: रात्री दिव्यांबरोबर डिस्प्ले मंद करण्यासाठी
- निळी: अँटेनाची मोटर
- निळी-पांढरी: वेगळा अ‍ॅम्प सुरू करण्यासाठी
- पांढरी: पुढचा डावा स्पीकर
- राखाडी: पुढचा उजवा स्पीकर
- हिरवी: मागचा डावा स्पीकर
- जांभळी: मागचा उजवा स्पीकर

स्पीकरच्या प्रत्येक रंगाची काळी रेघ असलेली जोडीदार वायर म्हणजे त्या स्पीकरची निगेटिव्ह.

हे रंग स्टिरिओच्या बाजूचे आहेत. गाडीच्या बाजूच्या रंगांवर अजिबात विश्वास ठेवू नका. वीस वर्षांत किती जणांनी तिथे हात घातला असेल, सांगता येत नाही. प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासा: चावी बंद असताना १२ व्होल्ट आहे का, चावी फिरवल्यावर येतो का, दिवे लावल्यावर येतो का. तपासलेल्या वायरीवर कागदी टेप लावून नाव लिहा.

## पायरी ५: पिवळी आणि लाल, म्हणजेच 'सोमवारी गाडी सुरू का होत नाही?'

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पिवळी आणि लाल एकत्र करून कायमच्या १२ व्होल्टला जोडणं. स्टिरिओ चालतो, आवाज येतो, गिऱ्हाईक खूश. पण चावी काढली तरी स्टिरिओला ते कळत नाही आणि तो जागाच राहतो.

गणित करू. समजा बॅटरी ३५ अ‍ॅम्पिअर-अवरची आहे आणि जागा राहिलेला स्टिरिओ ०.२५ अ‍ॅम्पिअर खातो.

३५ ÷ ०.२५ = १४० तास, म्हणजे जेमतेम सहा दिवस.

प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी व्हायची वाट बघावी लागत नाही. निम्मी उतरली तरी स्टार्टर कुरकुरायला लागतो. रविवारी रेवदंड्याला लावलेली गाडी पुढच्या शनिवारी सुरू होत नाही, ती यामुळे. उलट वायरी नीट जोडल्या आणि झोपलेला स्टिरिओ ०.०१ अ‍ॅम्पिअर खात असेल, तर हेच गणित ३५०० तासांवर, म्हणजे सुमारे १४५ दिवसांवर जातं.

तपासणी अशी: चावी काढा, दारं बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि मल्टिमीटर १० अ‍ॅम्पिअरच्या रेंजवर ठेवून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. काही मिनिटांनी आकडा ०.०५ अ‍ॅम्पिअरच्या खाली आला पाहिजे. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करायचा प्रयत्न करू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

## पायरी ६: फ्यूज, इथे कंजुषी नाही

स्टिरिओच्या पाठीवर सहसा १० किंवा १५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज असतो. तो स्टिरिओला वाचवतो, वायरीला नाही. बॅटरीपासून नवी वायर ओढली असेल तर बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत दुसरा फ्यूज हवाच. का? इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या भिंतीतून जाताना वायर घासली आणि धातूला टेकली, तर बॅटरी तिच्यात शेकडो अ‍ॅम्पिअर ढकलू शकते. वायर लाल होते, तिचं आवरण पेटतं. फायबर बॉडी ज्या रेझिनची असते ते जळतं, आणि एकदा पेटलं की विझवणं कठीण जातं.

म्हणून: १.५ ते २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, भिंतीच्या भोकात रबरी ग्रोमेट, आणि बॅटरीजवळ १५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज. फ्यूज उडतोय म्हणून ३० चा लावणं म्हणजे आजार तसाच ठेवून थर्मामीटर फोडणं.

## पायरी ७: फायबर बॉडीत अर्थिंग कुठे द्यायचं?

पत्र्याच्या गाडीत काळी वायर जवळच्या बोल्टला लावली की काम होतं, कारण सगळी बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. फायबरमधून मात्र वीज वाहत नाही. डॅशबोर्डमागचा चकचकीत स्क्रू फायबरमध्येच घुसलेला असेल, तर तो अर्थिंग नाहीच.

मग स्टिरिओ काय करतो? अर्थिंगसाठी दुसरी वाट शोधतो, उदाहरणार्थ अँटेनाच्या केबलचं आवरण. त्यामुळे घरघर येते, इंजिनचा वेग वाढला की शिट्टीसारखा आवाज वाढतो, आवाज मोठा केला की स्टिरिओ बंद पडतो. बिचाऱ्या स्टिरिओला दोष देऊन तो बदलला जातो आणि आजार तसाच राहतो.

योग्य पद्धत म्हणजे काळ्या वायरीसाठी पिवळीइतकीच जाड वायर घेऊन ती खालच्या धातूच्या चौकटीला किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेणं. चौकटीवर रंग असेल तर तेवढा खरवडून थिंबल घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

तपासायला मल्टिमीटरचं एक टोक स्टिरिओच्या काळ्या वायरीवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. गाणं मोठ्या आवाजात चालू असताना फरक ०.१ व्होल्टच्या आत असला पाहिजे.

## पायरी ८: जुने स्पीकर आणि '५० वॉट गुणिले ४'चं सत्य

जुन्या गाड्यांमध्ये कधी कधी दोन्ही स्पीकरची निगेटिव्ह एकत्र करून अर्थिंगला जोडलेली असते. तेव्हाच्या रेडिओला ते चालायचं. आजच्या स्टिरिओमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. त्यातली कोणतीही अर्थिंगला टेकली की आतला अ‍ॅम्प बंद पडतो किंवा जळतो. त्यामुळे प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र वायरी ओढा.

कोणती वायर कोणत्या स्पीकरची हे शोधायला पेन्सिल सेल पुरतो. स्टिरिओ काढलेला असताना वायरींच्या टोकांना सेल क्षणभर टेकवा. 'टक' आवाज आला की स्पीकर सापडला. कागदी पडदा बाहेर उचलला गेला तर सेलच्या पॉझिटिव्हला लागलेली वायर म्हणजे पॉझिटिव्ह.

आणि खोक्यावरचे ५० वॉट? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतो. ४ ओमच्या स्पीकरला त्यातून सलग मिळू शकणारी शुद्ध पॉवर म्हणजे १४.४ × १४.४ ÷ ८, सुमारे २६ वॉट. तीही कागदावर, प्रत्यक्षात अजून कमी. पन्नासचा आकडा क्षणिक असतो. त्यामुळे वॉटच्या मागे पळण्यापेक्षा पैसे चांगल्या स्पीकरवर आणि दारातल्या फटी बुजवण्यावर घाला.

## पायरी ९: एफएम का खरखरतं?

पत्र्याच्या गाडीत बॉडीचा पत्रा हा अँटेनाचा अर्धा भाग असतो. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर, तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर. एवढी काडी आणि खाली पत्रा, असं ते जोडकाम आहे. फायबरवर काडी आहे, पण खाली पत्रा नाही.

उपाय सोपा आहे. अँटेनाच्या बुडाखाली, आतल्या बाजूने, साधारण ३० सेंटिमीटर चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावा आणि तो अँटेनाच्या धातूच्या बुडाला जोडा. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि खरखर बरीच कमी होते.

## पायरी १०: खारी हवा आणि जोड

वायरी पिळून काळी टेप गुंडाळणं ही आपली राष्ट्रीय सवय आहे. बंद गाडी उन्हात तापली की टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप सुटते. मग किनाऱ्यावरची दमट, मीठ असलेली हवा आत शिरते आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो. कधी चालतो, कधी नाही, आणि दोष शोधता शोधता दिवस जातो.

- कल्हई केलेली म्हणजे टिनचा थर असलेली तांब्याची वायर घ्या.
- जोड क्रिंपिंग पक्कडने दाबा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.
- कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.
- गाडीच्या बाजूला नवा कपलर बसवा. मूळ वायरी मध्येच तोडू नका, शक्य तितक्या टोकाला जोडा.
- वायरी कापडी टेपमध्ये गुंडाळून केबल टायने बांधा आणि कपलर खाली लोंबू देऊ नका. वायर कपलरपाशी खालून वर येईल अशी वळवा, म्हणजे पावसाळ्यात गळलेलं पाणी आत न जाता वळणावरून टपकतं.

## पायरी ११: ब्रॅकेट आणि थ्रीडी प्रिंटिंग

स्टिरिओ नुसत्या पुढच्या स्लीव्हवर लटकवू नका. खड्ड्यांमध्ये डॅशबोर्डला तडा जातो. मागच्या बाजूला पत्र्याची पट्टी लावून आधार द्या.

पुढची फट झाकायला फ्रेम बनवायची असेल तर थ्रीडी प्रिंट मस्त पर्याय आहे, पण प्लास्टिक बघून निवडा. स्वस्त पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, आणि उन्हातल्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं, एबीएस १०० च्या आसपास. उघड्या छताच्या गाडीला उन्हाने न पिवळणारं एएसए सगळ्यात बरं.

फायबरला भोक पाडावंच लागलं तर आधी कागदी टेप चिकटवा, ड्रिल हळू चालवा, मास्क आणि चष्मा घाला. त्या धुळीत काचेचे बारीक धागे असतात.

## दुकानात काम देताना हे विचारा

१. वायरी कापणार की कपलर लावणार?
२. अर्थिंग नेमकं कुठे देणार?
३. बॅटरीजवळ फ्यूज लावणार का?
४. काढलेले मूळ भाग परत मिळतील ना?
५. काम झाल्यावर बंद गाडीचा करंट मोजून दाखवाल का?

चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट कामात रस घेतो. आणि काम सुरू होण्याआधी व जोडणी झाल्यावर डॅशबोर्डमागचे फोटो फोनमध्ये काढून ठेवा. पाच वर्षांनी तेच तुमचं वायरिंग मॅन्युअल असेल.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मूळ रेडिओ बंद आहे, टाकून देऊ का?
नाही. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून घरात ठेवा. जुनी गाडी विकताना मूळ भागांना मान असतो.

सिगारेट लायटरमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर चालेल का?
तात्पुरता चालेल. आवाजाची प्रत साधारण असते आणि मूळ रेडिओ चालू हवा. पण डॅशबोर्डला धक्का लागत नाही, हे खरं.

हे सगळं मी स्वतः करू शकतो का?
मल्टिमीटर वापरता येत असेल तर हो. पहिलं काम कायम एकच: बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवणं. व्होल्टेज तपासण्यापुरती ती जोडा, वायरी जोडताना पुन्हा सोडवा. मार्ग अ पासून सुरुवात करा. तिथे चुकलात तरी फार तर एक फ्यूज जाईल, डॅशबोर्ड शाबूत राहील.